बायपोलर: उतार सगळ्यांना दिसतो, चढाबद्दल कुणी विचारत नाही

पाणवठा

नैराश्यावरच्या जुन्या धाग्यात मी "माझ्या भावाला नुसतं डिप्रेशन नाही, बायपोलर आहे" एवढं लिहून सटकले होते. त्यावर आलेल्या व्यनिंना (व्यक्तिगत निरोपांना) एकेक उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. भावाने मसुदा वाचलाय. दोन वाक्यं त्याने काढायला लावली, बाकीच्याला त्याची हरकत नाही. मी डॉक्टर नाही. इथे या क्षेत्रातली माणसं आहेत, चुकेल तिथे त्यांनी खुशाल कान धरावा.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सकाळी खुशीत, दुपारी वैतागलेला, रात्री रडवेला, म्हणून "तो ना, जरा बायपोलरच आहे" असं गमतीत म्हटलं जातं. त्याचा या आजाराशी काही संबंध नाही. इथले मनःस्थितीचे चढउतार दिवस, आठवडे, कधी महिने चालतात, आणि त्या काळात माणूस स्वतःच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा इतका वेगळा वागतो की ओळखीच्यांना खटकतं. निदानाच्या निकषांत मॅनियाला (म्हणजे टोकाच्या चढाला) किमान सलग ७ दिवस लागतात (इतका तीव्र असेल की दाखल करावं लागलं, तर दिवस मोजत नाहीत), हायपोमेनियाला (त्याहून सौम्य चढाला) ४ दिवस आणि डिप्रेशनला, म्हणजे उताराला, २ आठवडे. एकदा जरी पुरता मॅनिया येऊन गेला तरी टाइप १. मॅनिया कधीच नाही, पण हायपोमेनिया आणि मोठं डिप्रेशन दोन्ही होऊन गेलंय, तर टाइप २. रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून बायपोलर कळत नाही. त्या तपासण्या करतात त्या थायरॉइड वगैरे दुसरं कारण नाही ना, हे बघायला. निदान होतं ते आधीचा सगळा इतिहास नीट विचारून.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

कारण डॉक्टरकडे माणूस जातो तो उतारात. अंथरुणातून उठवत नाही, कुणाशी बोलणं नको, जगून तरी काय करायचं. चढात असताना कोण कशाला जाईल? तेव्हा तर आयुष्यात पहिल्यांदाच सगळं लख्ख दिसतंय असं त्याला वाटत असतं. अमेरिकेत रुग्णांचा वर्षानुवर्षं, आठवड्यागणिक मागोवा घेतलेला एक गाजलेला अभ्यास आहे. त्यात टाइप १ च्या रुग्णांचे साधारण एक तृतीयांश आठवडे डिप्रेशनच्या लक्षणांत गेले, मॅनिया-हायपोमेनियात सुमारे ९ टक्के. टाइप २ मध्ये निम्मे आठवडे डिप्रेशनचे आणि हायपोमेनियाचा जेमतेम १ टक्का. शंभरातल्या त्या एका आठवड्याबद्दल कुणी विचारलंच नाही तर फाइलवर "डिप्रेशन" हेच लिहिलं जाणार. योग्य निदान व्हायला लोकांची वर्षं जातात ती अशी.

भावालाही सुरुवातीला नुसतं अँटिडिप्रेसंट चालू झालं होतं. बायपोलरमध्ये मूड स्टॅबिलायझरची (चढउतार आवरणाऱ्या औषधाची) जोड न देता ते एकटंच दिलं तर काही जणांची गाडी थेट मॅनियात जाते. तेच झालं. रात्री तीनला खुडबुड ऐकून मी उठले, तर हा घरातल्या सगळ्या कपाटांची दारं बिजागऱ्यांपासून सोडवून व्हरांड्यात ओळीने मांडत होता. घासून पॉलिश करायची होती म्हणे. दातांत स्क्रू धरलेले आणि तरी बोलणं थांबत नव्हतं. पॉलिशवरून धंदा, धंद्यावरून जाहिरात, जाहिरातीवरून मला कंपनीत भागीदारी. सलग दुसरी रात्र आणि चेहऱ्यावर थकव्याचा मागमूस नाही. निद्रानाशाने पिडलेला माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो, डोकं धरून बसतो. याला झोपेची गरजच वाटत नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या वेळी आम्ही सावध झालो ते यावरूनच.

तर, तुमच्या घरात कुणाला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होणार असतील तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. कधी काही दिवस फारच कमी झोपूनही तो ताजातवाना होता का, बोलणं पळत होतं का, पैसे उधळले का, स्वभावात नसलेली धाडसं केली का, रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार होता का, बाळंतपणानंतर कुणाचं मन फार बिघडलं होतं का, हे आपणहून सांगा. रुग्णाला स्वतःला हे आठवत नाही, किंवा आठवतं ते "माझे चांगले दिवस" म्हणून. ते बघितलेलं असतं घरच्यांनी.

अर्धविराम

वाचतेय. झोप न लागणं आणि झोपेची गरजच न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रात्रपाळी

पाणवठाताई, उत्तम लिहिलंत. मी स्वतः रुग्ण आहे, टाइप १, तेव्हा थोडं आतल्या बाजूने.

पुस्तकात "उत्साह वाढतो" असं असतं. माझी सुरुवात घाईने होते. समोरचा वाक्य पूर्ण करेपर्यंत धीर धरवत नाही. रस्त्यात पुढे चालणारी माणसं मुद्दाम सावकाश चालताहेत असं वाटतं. मग मेसेज लांबायला लागतात. बायकोने एकदा माझेच मेसेज मला वर सरकवत दाखवले. एरवी "हो", "निघालो", "पोचलो" एवढंच लिहिणारा मी, त्या आठवड्यात पहाटे चारला तिला परिच्छेदच्या परिच्छेद पाठवत होतो. तेव्हापासून मेसेजची लांबी हे आमच्या घरातलं अधिकृत मोजमाप आहे. आणि हो, मॅनिया आनंदीच असतो असं नाही. माझा दुसरा तर निव्वळ संतापाचा होता.

तरीही त्या चढातले पहिले काही दिवस हवेसे वाटतात, उगाच खोटं कशाला बोलू. बहुतेकांच्या गोळ्या सुटतात त्या या मोहापायी. लोक समजावतात, "अरे, डायबिटीससारखंच आहे हे, रोज गोळी घ्यायची, झालं." मला ही उपमा पटत नाही. साखर वाढली म्हणून कुणाला आपण जगातले सगळ्यांत हुशार आहोत असं वाटत नाही. इन्सुलिन घेऊन कुणाची आवडती अवस्था हातची जात नाही. आमची जाते, आणि त्याचं थोडं दुःख करायची मुभा रुग्णाला हवी. डॉक्टरांपाशी ते उघड बोलता आलं तेव्हापासून माझ्या गोळ्या नियमित झाल्या.

सरळमार्गी

विरोधासाठी विरोध नाही, पण आजकाल प्रत्येक तऱ्हेवाईकपणाला लेबल लावायची टूम निघाली आहे. पूर्वीही अशी माणसं असायची, कुणी गोळ्या देत नव्हतं. औषध कंपन्यांचं अर्थकारणही बघा जरा. व्यायाम, ध्यान, शिस्तीची दिनचर्या यांनी होणार नाही असं यात काय आहे?

स्टेथो_बाजूला

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे कुणाच्या गोळ्या ठरवणार नाही, पण सरळमार्गींच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण रुग्णांचे नातेवाईकही हेच विचारतात.

टूम म्हणाल तर बरीच जुनी आहे. १८५० च्या दशकात पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्झे या दोन डॉक्टरांनी, उन्माद आणि विषण्णता एकाच माणसात आलटूनपालटून येणारा हा एकच आजार आहे, असं स्वतंत्रपणे मांडलं. आधी कुणी मांडलं यावरून दोघांची चांगलीच जुंपलीही होती. १८९९ मध्ये क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने, ज्याला आपण आज स्किझोफ्रेनिया म्हणतो त्यापासून हा आजार वेगळा काढला. बायपोलर हे नाव अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोक या आजारासह जगत होते. पूर्वी गोळ्या देत नव्हते हे खरं आहे. तेव्हा कोंडून ठेवत.

आता अर्थकारण. या आजारावरचं सगळ्यांत मुरलेलं औषध लिथियम. हे मूलद्रव्य आहे, खनिजांत सापडतं, त्याचं पेटंट कुणाला घेता आलं नाही. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरची ही करामत. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत होता. परत आल्यावर त्याने गिनीपिगवर प्रयोग केले, मूत्रातलं एखादं द्रव्य मॅनियाला कारण होत असेल या कल्पनेतून. युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळेना म्हणून त्याने त्याचा लिथियमचा क्षार वापरला, आणि प्राणी भलतेच शांत झाले. मूळ कल्पना चुकीची निघाली, पण हाताला लिथियम लागलं. आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग मॅनियाच्या दहा रुग्णांना दिलं आणि १९४९ मध्ये प्रसिद्ध केलं. दुर्दैव असं की त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी विकलं जाणारं लिथियम क्लोराइड खाऊन काही लोक दगावले आणि लिथियमचं नाव बदनाम झालं. रक्तातलं प्रमाण मोजायची सोय झाल्यावर आणि डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी चिकाटीने चाचण्या केल्यावर त्याला पुन्हा बरे दिवस आले. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. नफ्यासाठी रेटलेल्या औषधाची गोष्ट अशी नसते.

व्यायाम आणि दिनचर्येबद्दल पूर्ण सहमत, पण गोळ्यांच्या जोडीला. झोपण्या-उठण्याच्या, जेवणाच्या, कामाच्या वेळा बांधून देणारी खास उपचारपद्धतीच आहे आणि तिचा उपयोग होतो. झोप मोडून केलेली कुठलीही गोष्ट मात्र, अभ्यास असो, प्रवास असो, साधना असो, या आजारात मॅनियाला आमंत्रण ठरू शकते. आणि मॅनिया चढलेल्या माणसाला तुम्ही दहा मिनिटं ध्यानाला बसवून दाखवाच.

औषधांचं थोडक्यात. तीव्र मॅनियात अँटिसायकॉटिक (भास-भ्रम आणि उन्माद शमवणाऱ्या) गटातली औषधं, लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट. बायपोलरच्या डिप्रेशनला क्वेटियापिन, लुरासिडोन यांसारखी, शिवाय लॅमोट्रिजिन, जे मुख्यतः पुढचं डिप्रेशन टाळायला चांगलं. नंतर वर्षानुवर्षं चालतो तो प्रतिबंधाचा टप्पा, आणि खरा उपचार तो. झटका ओसरवणं त्या मानाने सोपं आहे. बरं वाटत असताना पुढचा झटका लांबवणं अवघड, कारण तेव्हा गोळी घ्यायचं कारण डोळ्यांना दिसत नाही. लिथियमबद्दल आणखी एक: मनोविकारांच्या औषधांत आत्महत्येचा धोका कमी करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या मोजक्या औषधांच्या बाजूने आहे, त्यांत ते येतं. या आजारात तो धोका सर्वसामान्यांच्या वीस ते तीस पट असतो, म्हणून हे बारीक अक्षरात लिहायची गोष्ट नाही.

गुलबक्षी

डॉक्टर, सासूबाई बरीच वर्षं लिथियमवर आहेत, तब्येत छान. मध्यंतरी गुडघे फार दुखत होते म्हणून शेजारच्यांनी सुचवलेली वेदनाशामक गोळी त्या रोज घेऊ लागल्या. आठवड्याभरात हात इतके थरथरू लागले की कप बशीवर वाजायचा. मग जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड. आम्हाला वाटलं वय. दाखल केल्यावर कळलं की लिथियमची लेव्हल वाढलीय. एका साध्या गोळीने असं होतं? आणि हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

स्टेथो_बाजूला

गुलबक्षी, होतं. आणि प्रत्येक चिठ्ठीसोबत हे सांगितलं गेलंच पाहिजे, तुमची तक्रार रास्त आहे.

लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि शरीर त्याला जवळजवळ सोडियमसारखंच वागवतं. त्यामुळे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांनी ते आत साठायला लागतं. पाणी कमी पडलं, उलट्या-जुलाब झाले, फार घाम गेला किंवा कुणाच्या सांगण्यावरून मीठ एकदम तोडलं, तरी तेच. हे औषध घेताना पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक. तरी कुठलीही नवी गोळी सुरू करताना "मी लिथियम घेतो" हे वाक्य आधी. दातांच्या डॉक्टरलाही.

साधारणपणे रक्तातली लेव्हल ०.६ ते १.० (mEq/L) च्या दरम्यान ठेवतात, वयस्कांमध्ये बहुधा आणखी कमी. १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री गोळी घेतली तर सकाळची गोळी न घेता. कित्येक जण सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जातात, आकडा उगाच वर दिसतो आणि डोस नाहक कमी होतो. डोस बदलला की आठवड्याभराने लेव्हल, घडी बसल्यावर तीन ते सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांतून एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), थायरॉइड, कॅल्शियम. बोटांची बारीक थरथर, जास्त तहान, जास्त लघवी हे नेहमीचे त्रास. मात्र ठळक थरथर, झोक जाणं, जड जीभ, उलट्या-जुलाब, गोंधळलेपण यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा.

अर्धविराम

हे छापून फ्रिजवर लावण्यासारखं आहे.

मधली_ओळ

मला व्हॅल्प्रोएट चालू आहे आणि आम्ही बाळाचा विचार करतोय. नेटवर वाचून घाबरले आहे. गोळी आजच बंद करू का?

स्टेथो_बाजूला

आज बंद करू नका, पण आजच डॉक्टरांची वेळ घ्या, आणि गोळी बदलून होईपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवा.

व्हॅल्प्रोएटची भीती खरी आहे. गर्भारपणात घेतल्यास दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं, मणक्याचं आणि इतरही, आणि पुढे बौद्धिक वाढीवर परिणाम होणाऱ्या मुलांचं प्रमाण त्याहून मोठं, ३० ते ४० टक्क्यांपर्यंत. मूल होऊ शकण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे औषध शक्यतो देऊच नये असं आता जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पर्याय आहेत. लॅमोट्रिजिन तुलनेने सुरक्षित मानलं जातं. लिथियममध्ये पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयदोषाचा धोका थोडा वाढतो, तोही डोसवर अवलंबून, त्यामुळे लेव्हलवर नजर ठेवून काही जणींना ते देतात. काहींना अँटिसायकॉटिक पुरतं. पण हा बदल गर्भ राहण्याआधी, सावकाश आणि ठरवून व्हायला हवा.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सगळ्यांत नाजूक. रात्री बाळाला कोण बघणार हे तेव्हा औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण आईची सलग झोप वाचवायची असते. बाळंतीण दोन-तीन रात्री झोपलीच नाही, भलतंसलतं बोलतेय, संशय घेतेय, असं झालं तर ती तातडीची वेळ समजा, त्याच दिवशी दाखवा.

अवांतर, पण विचारलं जातंच म्हणून: गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनने लॅमोट्रिजिनची लेव्हल उतरते, आणि उलट कार्बामाझेपिन या आणखी एका मूड स्टॅबिलायझरने गर्भनिरोधक गोळीचाच जोर कमी होतो. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

चष्मिष्ट

मुलांना होतो का हा आजार? आणि शॉक देतात का अजून?

स्टेथो_बाजूला

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण एकच असं जनुक नाही. एका पालकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे बहुसंख्य मुलांना होत नाही. मुलाच्या वागण्याकडे लक्ष असावं, पहारा नसावा.

शॉक देतात. भूल देऊन, स्नायू सैल करून. तीव्र डिप्रेशनमध्ये, माणूस अन्नपाणी सोडतो तेव्हा, किंवा औषधांना दाद न देणाऱ्या मॅनियात त्याचा चांगला उपयोग होतो. त्या काळातल्या आठवणी पुसट होणं हा मुख्य तोटा. बरेच जण त्यातून सावरतात, काहींना काही आठवणी कायमच्या गमावल्यासारख्या वाटतात, आणि हे आधी सांगून संमती घ्यायला हवी.

सरळमार्गी

लिथियमचं पेटंट नाही हा मुद्दा मान्य. पण बाकीच्या नव्या औषधांचं काय? एका ओळखीच्याचं ओलान्झापिनने वजन इतकं वाढलं की तो घराबाहेर पडेना.

स्टेथो_बाजूला

हा आक्षेप दमदार आहे. नव्या अँटिसायकॉटिक औषधांची जाहिरात आक्रमक झाली, आणि वजन, साखर, कोलेस्टेरॉल यांचा त्रास रुग्णांनी सांगूनही बराच काळ हलक्यात घेतला गेला. सुरू करतानाच वजन, कंबर, साखर यांची नोंद करून ठराविक काळाने तपासायलाच हवी. वजन फार वाढत असेल तर औषध बदलता येतं. गोळी गुपचूप सोडून देण्यापेक्षा "मला हे चालणार नाही, दुसरं बघा" असं डॉक्टरला ठणकावून सांगणारा रुग्ण मला जास्त आवडतो.

आडवाट

सगळं खरं, पण माणूस मान्यच करत नसेल तर? नवऱ्याचा हा दुसरा चढ चालू आहे. त्याच्या मते मीच त्याचा उत्कर्ष सहन न होणारी बाई आहे. परवा कर्ज काढण्याची भाषा चालली होती. गोळीचं नाव काढलं की भांडण. माझी झोप उडालीय.

पाणवठा

आडवाट, हा हट्ट वाटतो, पण बहुधा आजाराचाच भाग असतो. चढात "मी आजारी आहे" हे कळणारी जागाच अंधारी होते. म्हणून त्याला वादात हरवायचा प्रयत्न सोडा. भावाशी आम्ही "तू आजारी आहेस" या मुद्द्यावर कधीच जिंकलो नाही. "तुला तीन रात्री झोप नाही, झोपेपुरतं डॉक्टरांना भेटू" याला तो तयार झाला. झोप ही दोघांनाही मान्य असलेली तक्रार होती. डॉक्टरांना तुम्ही एकटीने आधी फोन करून बघितलेलं सगळं सांगू शकता. ते त्याची माहिती तुम्हाला देणार नाहीत कदाचित, पण तुमची ऐकून घेऊ शकतात. कर्जाच्या कुठल्याच कागदावर सही करू नका, संयुक्त खात्याचं आजच बघा. मारहाण, धमकी किंवा जिवाचा धोका असेल तर समजावत बसू नका, तातडीची मदत बोलवा.

बाकी सगळं तो बरा असताना करायचं. आमच्याकडे भावाने स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहिलाय. माझी पहिली लक्षणं कोणती, ती दिसली तर मला कुणी सांगायचं (आई नाही, ताई, असं त्याने अधोरेखित केलंय), कार्ड आणि बँकेचं ॲप कुणाकडे द्यायचं, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, कोणती गोळी मला सोसत नाही, नोकरीच्या ठिकाणी काय कळवायचं. डॉक्टरांच्या फाइलमध्ये त्याची प्रत आहे. गेल्या खेपेला त्याने तो कागद बघून मला शिव्या घातल्या, पण कार्ड टेबलावर आपटून गेला.

रात्रपाळी

कागदाला माझं अनुमोदन. आमच्या कागदात मी एक उलटं कलम घातलंय, घरच्यांसाठी: मी मोठ्याने हसलो, गाणं म्हटलं किंवा रविवारी घर आवरायला काढलं, तर "गोळी घेतलीस का?" विचारायचं नाही. बरं होऊन घरी आल्यावर वर्षभर मला आनंदी व्हायची चोरी होती. माणसाला साधा चांगला दिवसही असू शकतो हो. झोप आणि खर्च बिघडला तरच बोलायचं, असं ठरल्यापासून घरात शांतता आहे.

आडवाट, तुमच्या झोपेचंही बघा. आणि चढ उतरल्यावर तो खाली येईल तेव्हा जास्त सांभाळा. लाज, कर्ज, दुखावलेली माणसं, सगळं एकदम समोर येतं.

आडवाट

त्याचीच भीती वाटते. मागच्या वेळी तो बोलला होता तसं काही. विचारावं की नको? विचारून उगाच डोक्यात घालायला नको.

स्टेथो_बाजूला

विचारा. सरळ शब्दांत: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार रुजत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं तर कसं, कधी असं काही ठरवलंय का तेही विचारा, एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा स्वतःकडे घ्या (लिथियमची जादा मात्रा जिवावर बेतते) आणि त्याच दिवशी दाखवा. रात्र असेल तर तातडीच्या विभागात. सगळ्यांत धोक्याची अवस्था मिश्र लक्षणांची: मन पार खचलेलं, पण अंगात मॅनियाची बेचैनी आणि वेग. डिप्रेशनमध्ये निपचित पडलेला माणूस अचानक येरझाऱ्या घालू लागला, झोपेना, चिडू लागला, तर "चला, हालचाल सुरू झाली" म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि आडवाट, तुम्ही म्हणता तसा चढ चालू असेल तर सोमवारची वाट बघू नका.

आडवाट

आत्ताच त्याच्या डॉक्टरांशी बोलले. उद्या सकाळी झोपेच्या नावाखाली नेते. दीर पण येतोय.

निशिगंध

माझा प्रश्न जरा वेगळा. लॅमोट्रिजिन आणि लिथियमवर पाच वर्षं एकही झटका नाही. नोकरी, घर, सगळं सुरळीत. मध्ये प्रवासात लॅमोट्रिजिन आठवडाभर राहूनच गेलं, काही झालं नाही. मग आता दोन्ही बंद करून बघायला काय हरकत?

स्टेथो_बाजूला

प्रवासातलं आधी. लॅमोट्रिजिन आठवडाभर सुटलं असेल तर पूर्वीचा पूर्ण डोस एकदम सुरू करायचा नसतो. ते २५ मिलिग्रॅमपासून दर दोन आठवड्यांनी पायरी-पायरीने चढवतात, व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर त्याहून हळू, कारण घाईने चढवलं तर अंगावर पुरळ उठून ते क्वचित जीवघेणं होतं. तुम्ही पूर्ण डोस परत घेत असाल तर आजच डॉक्टरांना कळवा. पुरळ, ताप, तोंडात फोड असं काही असेल तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

बंद करण्याबद्दल. पाच वर्षं शांत गेली ती गोळ्यांमुळे की तशीच जाणार होती, हे बाहेरून सांगता येत नाही. एकापेक्षा जास्त झटके येऊन गेले असतील तर थांबवल्यावर परत येण्याची शक्यता बरीच असते, आणि लिथियम एका झटक्यात तोडलं तर मॅनिया उसळण्याचा धोका आणखी वाढतो. तरीही कमी करण्याची रास्त कारणं असतात: मूत्रपिंडाचे आकडे घसरणं, गर्भधारणा, न सोसणारे त्रास, किंवा पूर्ण विचारांती रुग्णाचा स्वतःचा निर्णय. तसं ठरलं तर एका वेळी एकच औषध, लिथियम किमान चार आठवडे आणि जमल्यास तीन महिने घेऊन उतरवायचं, मोठा प्रवास, परीक्षा, नोकरीबदल अशा धामधुमीच्या काळात नाही, आणि घरातल्या एकाला तरी सांगून. पुढचे काही महिने झोपेची रोज नोंद ठेवा. झोपेचे तास कमी होऊनही दिवसभर ताजंतवानं वाटायला लागलं, तर पुढच्या भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका, फोन करा.